भिंतीवरचा सह्याद्री सपाट दिसतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका माध्यमिक शाळेतील चित्रकला शिक्षकांनी शाळेच्या पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीवर, ९० फूट लांब आणि १६ फूट उंच अशा जागेत, सह्याद्रीच्या रांगांचे चित्र हाती घेतले आहे. दीड महिन्यात आकाश आणि मागच्या तीन रांगा रंगवून झाल्या असून पुढच्या दोन रांगा, पठार आणि गवत बाकी आहे. तिन्ही रांगांसाठी त्यांनी पांढऱ्या इमल्शनमध्ये निळा स्टेनर (छटा आणण्यासाठी मिसळायचा दाट रंग) घातला आणि प्रत्येक पुढच्या रांगेसाठी त्यात काळा वाढवत नेला. शिखरे टोकदार घेतली आहेत. आता फाटकातून पाहिले की डोंगर एकावर एक चिकटवलेल्या कागदांसारखे दिसतात. झालेले सारे पांढरे करून नव्याने सुरुवात करावी का, भिंतीच्या पायाशी फुटलेल्या खाराचे काय करावे आणि शेवटी वरून वार्निश मारावे का, असे त्यांनी विचारले आहे.

पांढरे करू नका. आपण वर्णन केले आहे त्यावरून चित्राचा सांगाडा शाबूत आहे आणि बिघाड मुख्यतः छटांच्या गडदपणात आहे. तो आहे त्या रंगावरच काम करून दुरुस्त होतो, आणि त्यासाठी आठ-दहा दिवस पुरावेत. मात्र तोवर चौथ्या रांगेला हात लावू नका, कारण मागची छटा ठरल्याशिवाय पुढची ठरत नाही.

हीच चूक मीही केलेली आहे. बारा वर्षांपूर्वी अकोले तालुक्यातील एका सभागृहाच्या ८४ फूट लांब आणि १८ फूट उंच भिंतीवर मी रतनगडावरून उत्तरेला दिसणारा देखावा रंगवला: डावीकडून कुलंग, मदन, अलंग आणि पार उजव्या टोकाला १,६४६ मीटर उंचीची कळसूबाई. कागदावरचा आराखडा उत्तम उतरला होता, परंतु भिंतीवर विसाव्या दिवशी सगळे सपाट झाले. कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि ते कारण रंगाच्या डब्यात नसून माझ्या उभे राहण्याच्या जागेत होते. परांचीवर भिंतीपासून दोन फुटांवर उभे राहिले की दूरच्या रांगेचा योग्य रंग नेहमीच मळकट पांढऱ्यासारखा, अपुरा आणि आजारी दिसतो. तेथे डोंगर म्हणावे असे काहीच नजरेला पडत नाही, म्हणून हात आपोआप डब्यात थोडा निळा आणि थोडा काळा वाढवतो, आणि असे रोज थोडे थोडे करत आपण सर्वांत मागच्या डोंगरावरच गडदपणाची सारी शिल्लक खर्च करून बसतो. तेव्हापासून परांचीवर उभे राहून मी रंगाचा एकही निर्णय घेत नाही. तेथे फक्त ठरलेला रंग लावायचा.

निर्णय कोठे घ्यायचा, तर जेथून बहुतेक लोक चित्र पाहणार आहेत तेथे. आपल्या बाबतीत फाटकाजवळ. प्लायवूडचे दोन फूट बाय एक फूट असे सात-आठ तुकडे घ्या, त्यांवर वेगवेगळ्या छटा लावा, त्या पूर्ण वाळू द्या आणि मुलांना ते तुकडे भिंतीवर त्या त्या रांगेच्या जागी धरायला सांगून आपण फाटकात उभे राहा. वाळू देणे महत्त्वाचे आहे, कारण ॲक्रिलिक इमल्शन ओले असताना दुधाळ असते आणि वाळल्यावर एका छटेने गडद होते. ओल्या रंगावर विश्वास ठेवून मिश्रण ठरवणाऱ्याचे चित्र हमखास काळवंडते. डोळे किलकिले करून पाहावे, आणि मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढूनही पाहावे. रंग काढून टाकला की कोणत्या दोन रांगा एकमेकींत मिसळतात ते लगेच कळते.

आता छटांचा हिशेब. पांढऱ्याला १ आणि काळ्याला १० धरून दहा पायऱ्यांची पट्टी तयार करा. क्षितिजाजवळचे आकाश २, माथ्यावरचे ३ ते ४, सर्वांत मागची रांग ३, दुसरी ४, तिसरी ५, चौथी ६ ते ७ आणि पुढचा कडा व झाडी ८ ते ९, अशी वाटणी मी साधारणपणे करतो. १० कोठेही नाही. आपली तिसरी रांग आपण सांगितलेल्या मिश्रणावरून ७ च्या आसपास गेली असावी असा माझा अंदाज आहे. तसे असेल, तर उरलेल्या दोन रांगा, पठार, झाडी आणि गवत यांना मिळून जेमतेम दोन पायऱ्या राहतात, आणि कितीही कुशल हात असला तरी तेवढ्यात खोली येणार नाही.

यामागचे कारण एकदा नीट समजून घेतले की मिश्रण पाठ करावे लागत नाही. आपण आणि दूरचा डोंगर यांच्यामध्ये मैलोगणती हवा असते. सूर्यप्रकाशातील आखूड लहरींचा, म्हणजे निळ्या बाजूचा, प्रकाश त्या हवेत अधिक विखुरतो आणि तो विखुरलेला उजेड डोंगराच्या प्रतिमेवर पसरतो. उजेडाची अशी भर अंधाऱ्या जागी सर्वांत जास्त जाणवते. म्हणून दूर जाताना आधी सावल्या फिक्या होतात, मग खोबणी आणि घळी दिसेनाशा होतात आणि अखेरीस फक्त माथ्याची रेघ उरते. काळ्या रंगाने हे साधत नाही. काळा प्रकाश गिळतो, तर हवा प्रकाशाची भर घालते. त्यामुळे निळ्यात काळा घालून केलेला डोंगर दूरचा वाटण्याऐवजी शिशासारखा वाटतो.

म्हणून काळ्याचा डबा बंद करून ठेवा आणि त्याऐवजी एक बादलीभर धुक्याचा रंग तयार करा. पांढऱ्या इमल्शनमध्ये निळा स्टेनर अगदी बेताने, त्याचा कच्चा निळेपणा मोडण्यापुरती पिवळी माती आणि चिमूटभर लाल ऑक्साइड असे ते मिश्रण असते. हा रंग क्षितिजाजवळच्या आकाशाच्या जवळचा असला पाहिजे. त्यानंतर डोंगराचा मूळ रंग, म्हणजे गवताचा हिरवा-पिवळा आणि कातळाचा तपकिरी-जांभळा, वेगळा ठेवून त्यात हे धुके मोजून मिसळा: सर्वांत मागे चार भाग धुके आणि एक भाग डोंगर, त्यापुढे तीनास दोन, मग निम्मे-निम्मे, मग एकास तीन. माप एकाच वाटीने घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. सगळ्या रांगांमध्ये एकच धुके मुरलेले असल्यामुळे त्या एकाच हवेतल्या वाटतात. प्रत्येक रांगेसाठी वेगळा निळा शोधत बसलो असतो तर तसे झाले नसते.

झालेल्या रांगा सुधारण्यासाठी हेच धुके पातळ करून वापरायचे आहे. पातळ करताना नुसते पाणी ओतू नका. निम्म्याहून अधिक पाणी गेले की रंगाचे कण धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो आणि पुढे भिंतीवरून हात फिरवला तर रंग खडूसारखा बोटाला लागतो. पारदर्शक ॲक्रिलिक माध्यमात थोडे धुके मिसळा, भिंत किंचित ओलसर करून घ्या आणि रुंद ब्रशने किंवा जाड स्पंजने प्रत्येक रांगेच्या पायथ्यापासून वर चढत जा. पायथ्याशी दोन-तीन हात, मध्यावर एक आणि माथ्याच्या जवळ जवळजवळ काहीच नाही. याचे कारण कोणत्याही सकाळी घाटावर उभे राहिल्यास दिसते: धुके दरीत साचलेले असते आणि डोंगरधार त्यातून स्वच्छ वर आलेली असते. मागच्या रांगेचा पायथा असा फिका झाला की त्याला लागून असलेली पुढच्या रांगेची धार आपोआप उठून दिसते. माझ्या मते मोठ्या भित्तिचित्रात खोलीचा निम्मा परिणाम या एका युक्तीने येतो, आणि नवशिक्या हातून नेमके उलटे घडते. तो पायथ्याला 'वजन' यावे म्हणून गडद करतो आणि दोन्ही रांगा एकमेकींना चिकटवतो.

तिसऱ्या रांगेला मात्र धुके पुरणार नाही असे वाटले, तर तेवढी एक रांग ५ च्या छटेत पुन्हा रंगवा. तेथे एक व्यावहारिक सूचना आहे. पूर्ण रांगेला पुरेल एवढा रंग एकदाच कालवा. बाहेरच्या भिंतीवर एका लिटरात दोन हात धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात, त्यावरून आपल्या १,४४० चौरस फुटांना २४ ते २९ लिटर रंग लागेल, आणि एका रांगेचा वाटा त्यातून सहज काढता येतो. तरीही मध्येच डबा संपलाच, तर काम खिंडीपाशी किंवा घळीपाशी थांबवावे. माझा रंग अलंगच्या सपाट कड्याच्या मधोमध संपला होता आणि दुसऱ्या दिवशीची छटा काही केल्या जुळली नाही; अखेर अख्खा अलंग पुन्हा रंगवला.

छटांनंतर आकाराकडे वळू, कारण टोकदार शिखरे हा आपल्या चित्रातील दुसरा दोष आहे आणि तो मुलांच्या वहीतून थेट भिंतीवर आलेला आहे. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढताना जे त्रिकोण आपण सगळेच गिरवतो, ते सह्याद्रीचे नव्हेत. हा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे, आणि हे थर आजही बहुतांशी आडवेच आहेत. टणक बेसाल्टचा थर उभा कडा होऊन राहतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून उतार होतो आणि त्यावर माती धरते, गवत येते. त्यामुळे आपल्या डोंगराची बाजू पायऱ्यांची असते: कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, आणि वर बहुतेक वेळा सपाट माथा. अलंग आणि कुलंग यांचे माथे टेबलासारखे आहेत. सुळके आहेत, नाही असे नाही, परंतु ते अशाच थरांच्या भिंतींतून सुटलेले खांब आहेत आणि त्यांच्यावरही आडव्या रेषा दिसतात. शिवाय पश्चिमेची, कोकणाकडची बाजू तुटलेली आणि पूर्वेची उतरती असते, म्हणजे आकृती दोन्हीकडे सारखी नसते.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक रांगेत शेजारच्या डोंगरांवरचे कड्यांचे पट्टे एकाच पातळीवर जुळवून घ्या. तो लाव्हाचा थर मुळात सलग होता आणि मधली दरी नंतर कोरली गेली आहे, हे पाहणाऱ्याला शब्दांत सांगता येत नसले तरी डोळ्याला पटते. हे पट्टे दुसऱ्या रांगेत नुसते सुचवावेत, तिसरीत थोडे स्पष्ट करावेत आणि पुढच्या कड्यावर त्यांच्या भेगा, पाण्याचे काळे ओघळ आणि खाचेत उगवलेले गवत दाखवावे. सर्वांत मागच्या रांगेत एकही पट्टा नको.

लांब भिंतीचा म्हणून एक वेगळाच त्रास असतो. मध्यभागी उभे राहून पाहणाऱ्याला टोकाचा भाग तिरका, आखूड दिसतो. मी उजव्या टोकाची कळसूबाई त्यासाठी मुद्दाम काही फूट रुंद घेतली होती. रोज दुपारी शेरडे घेऊन जाणारे एक बाबा भिंतीला अगदी खेटून उभे राहिले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पेंटर, आमची कळसूबाई एवढी जाड न्हाई हो." मी त्यांना सभागृहाच्या पायरीपर्यंत नेले आणि तेथून दाखवले. "हितनं बरी दिसती," एवढे ते बोलले, पण मग मदन आणि अलंग यांच्यामधली खिंड मी उथळ काढल्याचे त्यांनी बोट दाखवून सांगितले, आणि ते खरेच होते. ज्या डोंगरांकडे पाहत माणसे मोठी झाली आहेत ते डोंगर रंगवताना असे परीक्षक मिळतात. आपली शाळा ज्या डोंगरांच्या परिसरात आहे तेच डोंगर आपण काढत असाल, तर पुढच्या दोन रांगांची रेषा मुलांकडून जागेवर जाऊन काढून घ्या आणि भिंतीवर चौकट आखून ती उतरवा.

चौकट आखण्याविषयी फार लिहीत नाही. दोन फुटांचे चौकोन पुरतात. ९० बाय १६ फुटांत ४५ आडवे आणि ८ उभे, असे ३६० होतील. आडवी रेघ पातळी पाहायच्या पाण्याच्या नळीने आणि उभी ओळंब्याने काढावी, जमिनीवरून माप घेऊ नये, कारण शाळांच्या अंगणाला उतार असतो. दोरी गेरूच्या पाण्यात भिजवून ताणून मारली की रेघ उमटते आणि पहिल्या हातात झाकलीही जाते. कोळसा वापरू नका, तो फिक्या रंगात मिसळून मळ धरतो.

परांचीला आमच्याकडचे गवंडी पहाड म्हणतात, आणि डोंगर रंगवायला आधी पहाड बांधावा लागतो हा विनोद प्रत्येक कामावर कोणीतरी करतोच. त्या पहाडाचे टप्पे चित्रात उमटतात, हे मात्र विनोदाचे नाही. एका फळीवरून हात पोहोचतो तेवढा पट्टा रंगतो, खालच्या फळीवर येईपर्यंत त्याची कड वाळते आणि सांध्याची आडवी रेघ कायमची राहते. आकाशात ती सर्वांत वाईट दिसते. आपली भिंत पश्चिमेची आहे, तेव्हा सकाळी ती सावलीत असताना काम करा. दुपारनंतर तापलेल्या भिंतीवर इमल्शन ब्रशखालीच ओढू लागते. एक माणूस वर आणि एक खाली असे ठेवून सांध्याची कड ओली असतानाच एकमेकांत ओढावी. आपल्या आकाशात अशी रेघ आली असेल तर क्षितिजाजवळ धुके चढवतानाच ती झाकून घ्या.

पुढच्या भागात आता मोकळा हात हवा. ६० फुटांवरून पाव इंचाहून बारीक रेघ डोळ्याला जवळजवळ वेगळी दिसतच नाही, त्यामुळे गवताची पाती एकेक करून काढणे म्हणजे मुलांचे आणि आपले दिवस फुकट घालवणे आहे. मी जुन्या केरसुणीचा शेंडा कातरून तो रंगात बुडवतो आणि खालून वर झटके देतो. आधी गडद, मग मध्यम, शेवटी मोजके उजळ. ऋतू एकच ठरवा. भाद्रपद-आश्विनात उतारांवर सोनकीच्या रानफुलांचा पिवळा असतो आणि हवा धुतलेली असते. माघ-फाल्गुनात गवत वाळून सोनेरी होते आणि दूरच्या रांगा धुरकट होतात. पुढे सोनकी आणि मागे उन्हाळी धुरळा असे एकत्र आले की चित्र कोठलेच राहत नाही. आपण आता धुके वाढवणार आहात, तेव्हा वाळलेल्या गवताचा ऋतू घेतलेला बरा, आणि त्याचा आणखी एक फायदा आहे. त्याला लागणारे रंग पिवळी माती, गेरू आणि तपकिरी असे मातीचे आहेत. मातीचे हे रंग उन्हात टिकतात. अजिंठ्याच्या भिंतींवर ते सुमारे पंधराशे वर्षे राहिले, अर्थात लेण्यांच्या अंधारात. उलट झगझगीत पिवळे आणि लाल सेंद्रिय स्टेनर पश्चिमेच्या उन्हात काही वर्षांत फिके पडतात, आणि त्यातला पिवळा आधी उडाला की हिरवी झाडी निळी दिसू लागते. असे निळे पडलेले आंब्याचे झाड माझ्या एका जुन्या कामात अजून उभे आहे.

खाराचा प्रश्न मी खरे तर सर्वांत आधी घ्यायला हवा होता, कारण त्यावर रंगाचा काही इलाज नाही. भिंतीतील किंवा जमिनीतील क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी मागे राहते. ती पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात, म्हणून कोरड्या ब्रशने झाडून काढा. मग ओल कोठून येते ते शोधा: भिंतीला लागून मातीचा ढीग किंवा फुलझाडांचा वाफा आहे का, पागोळ्यांचे पाणी पायाशी पडते का, नळ गळतो का. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे आणि तेथे चित्र नेऊ नये. ओल थांबली आणि भिंत सुकली की सैल पुट्टी खरवडून क्षाररोधक प्रायमर द्या. एवढे करूनही खालचा दीड फूट मी चित्रातून वगळतो आणि तेथे गडद मातकट पट्टा ठेवतो. शाळेच्या भिंतीला मुले पाय लावून उभी राहतात, पावसात चिखल उडतो, आणि तो पट्टा दरवर्षी कोणीही शिपाई रंगवू शकतो. त्याला चित्रकार लागत नाही.

वार्निश मारू नका. चकचकीत थरावर संध्याकाळचे ऊन पडले की फाटकातून डोंगरांऐवजी उजेडाचा पट्टा दिसेल, आणि साधे तेलाचे वार्निश उन्हात पिवळे पडते. मग मोठ्या कष्टाने आणलेले धुके काविळीचे दिसते. ॲक्रिलिक इमल्शनला बाहेरच्या भिंतीवर मुळात संरक्षक थराची गरज नसते. हात लागण्याच्या उंचीपर्यंत हवाच असेल, तर पारदर्शक मॅट ॲक्रिलिकचा एक हात द्या, तोही काम संपून दोन-तीन आठवडे झाल्यावर आणि एका कोपऱ्यात करून पाहिल्यावर.

काम संपेल तेव्हा धुक्याचा रंग आणि प्रत्येक रांगेचा रंग पाव-पाव लिटर झाकणबंद डब्यांत भरून, डब्यावर रांगेचा क्रमांक आणि वहीतले माप लिहून, शाळेच्या कपाटात ठेवून द्या. पहिल्या पावसाळ्यानंतर कोठेतरी पोपडा निघेल आणि तेव्हा तेच लागतील.